गेम अडखळतोय? आधी मागची केबल बघा

नवं ग्राफिक्स कार्ड बसवूनही गेम अडखळला की लोक थेट दुकान गाठतात. त्याआधी कॅबिनेटची मागची बाजू बघा. मॉनिटरची केबल यूएसबी आणि नेटच्या पोर्टशेजारी लावली असेल, तर ती मदरबोर्डला जोडलेली आहे. मग गेमचा भार बहुधा प्रोसेसरमधल्या किरकोळ ग्राफिक्सवर पडतो आणि महागडं कार्ड नुसतं बसून राहतं. केबल त्याखाली, कार्डाच्या पोर्टमध्ये हवी. हसू येईल, पण ही चूक फार सर्रास होते.

तिथे ठीक असेल, तर गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमधला परफॉर्मन्स टॅब उघडा. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांपुढे असेल तर ते जीव तोडून काम करतंय. सावल्यांचा दर्जा आणि रिझोल्यूशन उतरवा. कार्डाचा वापर निम्म्यावर रेंगाळत असेल आणि फ्रेमवर मर्यादाही घातलेली नसेल, तर संशय प्रोसेसर किंवा रॅमवर. रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी योग्य खाचेत घातल्याने बऱ्याच गेममध्ये फरक पडतो.

सुरुवातीला झकास आणि थोड्या वेळाने घसरगुंडी, हे तापण्याचं लक्षण. बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. मशीन बंद करून, प्लग काढून, हीटसिंकमधली धूळ ब्लोअरने उडवा. पंखा मात्र बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग खराब होतं.