शिनचॅनच्या गावाची वारी

टोकियोच्या उत्तरेला, साइतामा प्रांतात कासुकाबे नावाचे एक शहर आहे. परदेशी पाहुण्याने मुद्दाम वाट वाकडी करून जावे असा राजवाडा किंवा जगप्रसिद्ध मंदिर तेथे नाही. राजधानीत नोकरीला जाणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांची ती वस्ती. मुंबईकराने डोंबिवली डोळ्यांसमोर आणावी. तरीही भारतातील एका पिढीला हे नाव क्योतोच्या आधी ठाऊक झाले. तिच्या लहानपणी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर या शहरात एक पाच वर्षांचा वात्रट मुलगा राहत होता. त्याचे नाव शिनचॅन.

योशितो उसुई यांची ही चित्रकथा १९९० मध्ये जपानी नियतकालिकातून सुरू झाली आणि १९९२ मध्ये तिची दूरचित्रवाणी मालिका झाली. उसुई स्वतः कासुकाबेत वाढले होते, म्हणून त्यांचे नोहारा कुटुंबही तेथेच राहते. वडील रोज टोकियोला नोकरीला जातात आणि घराच्या कर्जाची ३२ वर्षे अजून फिटायची आहेत. भारतात ही मालिका २००६ मध्ये हंगामा वाहिनीवर हिंदीतून आली. मुले उद्धट होत आहेत, अशी पालकांची ओरड झाल्यावर २००८ मध्ये तिचे प्रसारण काही काळ थांबले आणि पुढे कात्री लावून पुन्हा सुरू झाले. दप्तर कोपऱ्यात भिरकावून तेव्हा टीव्हीसमोर बसणारी मुले आज पंचविशी-तिशीत आहेत. त्यांच्या हाती स्वतःचा पगार आणि पासपोर्ट आहे. जपानच्या प्रवासात फुजी पर्वत पाहून झाल्यावर एखादा दिवस राखून ठेवावा आणि लहानपणी चित्रात पाहिलेल्या रस्त्यावर एकट्यानेच फिरून यावे, अशी ओढ त्यांच्यातील काहींना लागते. ही ओढ नेमकी कशाची आणि ती कोठे नेते, हे समजून घेण्यासारखे आहे.

तीर्थाटनाचा शब्द

अशा प्रवासाला जपानी भाषेत ‘सेइची जुनरेइ’ म्हणतात. ‘सेइची’ म्हणजे पवित्र स्थळ आणि ‘जुनरेइ’ म्हणजे तीर्थाटन. शब्द मूळचा धार्मिक आहे, परंतु चित्रमालिकांचे चाहते तो आपल्या भ्रमंतीसाठी सर्रास वापरू लागले. ‘युअर नेम’ हा चित्रपट २०१६ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्यातील जागा शोधायला इतकी गर्दी लोटली की त्या वर्षीच्या गाजलेल्या दहा शब्दांच्या यादीत ‘सेइची जुनरेइ’चा समावेश झाला. त्याच वर्षी चित्रमालिकांशी निगडित पर्यटनाला चालना देणारी एक संघटना स्थापन झाली. ती अशी ८८ स्थळे निवडते. हा आकडा सहज आलेला नाही. शिकोकू बेटावर बौद्ध आचार्य कोबो दाइशी यांच्या नावाने ८८ मंदिरांची शतकानुशतके चालत आलेली परिक्रमा आहे. तिचाच हा उघड संदर्भ.

चित्रामागचे गाव

चित्रातील जागा प्रत्यक्षात सापडते, ती जपानी चित्रमालिका तयार करण्याच्या पद्धतीमुळे. काम सुरू होण्यापूर्वी दिग्दर्शक आणि चित्रकारांचा चमू एखाद्या गावी जातो, गल्ल्यांची, दुकानांची, विजेच्या खांबांची छायाचित्रे घेतो आणि त्यांवरून पार्श्वभूमी रंगवतो. या पाहणीला तेथे ‘रोकेहान’ म्हणतात. ‘हायडी’ या १९७४ च्या मालिकेसाठी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता आणि त्यांचे सहकारी हायाओ मियाझाकी १९७३ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन आले होते. मूळ कादंबरीशी जोडलेल्या माइएनफेल्ड या आल्प्समधील गावी जपानी पर्यटक आजही आवर्जून जातात.

पात्रांचे चेहरे मात्र मोजक्या रेषांचे असतात. दोन ठिपके म्हणजे डोळे, एक रेघ म्हणजे तोंड. चेहरा जितका साधा, तितके त्यात स्वतःला पाहणे मुलाला सोपे जाते; आणि भोवतालचा रस्ता जितका खरा, तितकी ती गोष्ट आपल्याच बाबतीत घडल्यासारखी वाटते. म्हणूनच पुढे मोठेपणी त्या रस्त्यावर उभे राहिल्यावर, कधीही न पाहिलेली जागा ओळखीची वाटू लागते.

अर्थात, प्रत्येक मालिकेचा पत्ता मिळतोच असे नाही. शिनचॅनच्या घराचा पत्ता मालिकेत ‘कासुकाबे, फुताबा-चो ९०४’ असा आहे. पण कासुकाबेत फुताबा-चो नावाची वस्तीच नाही. हे नाव ‘फुताबाशा’ या प्रकाशनसंस्थेवरून घेतलेले आहे. शहर खरे आणि घर कल्पित, अशी ही गंमत आहे. डोरेमॉनचा मित्र नोबिता टोकियोच्या नेरिमा भागात राहतो असे मानले जाते, पण त्याची ती मोकळी जागा आणि तिच्यातील सिमेंटचे तीन पाइप नकाशावर शोधून सापडणार नाहीत. ते पाइप पाहायचे तर टोकियोशेजारच्या कावासाकी शहरात ३ सप्टेंबर २०११ रोजी, म्हणजे डोरेमॉनच्या कल्पित वाढदिवशी, सुरू झालेल्या फुजिको एफ. फुजिओ संग्रहालयाच्या गच्चीवर जावे लागते.

मालिका आली, गाव जागे झाले

कासुकाबेहून त्याच तोबू रेल्वेने आणखी उत्तरेला गेले की कुकीच्या पुढचे स्थानक वाशिनोमिया. तेथे एक पुरातन शिंतो देवस्थान आहे. ‘लकी स्टार’ ही शाळकरी मुलींची मालिका २००७ मध्ये प्रसारित झाली आणि तिच्या आरंभीच्या गीतात या देवस्थानाची कमान, म्हणजे ‘तोरिइ’, दिसली. दोन नायिका याच देवस्थानाच्या पुजाऱ्याच्या मुली दाखवल्या होत्या. चाहते येऊ लागले. देवापुढे इच्छा लिहून टांगायच्या लाकडी पाट्यांवर त्यांनी नायिकांची चित्रे काढली. आपल्याकडे नवसाचे नारळ आणि पाळणे बांधतात, तसाच हा प्रकार. फक्त पाटीवर देवाशेजारी कार्टून.

गावकऱ्यांना प्रथम नवल वाटले. मात्र स्थानिक व्यापारी संघाने त्यांना हटकले नाही. हे लोक कोण आहेत आणि त्यांना काय हवे आहे, याची संघाने चौकशी केली. पात्रांची चित्रे असलेल्या मोबाइलच्या दोऱ्या तयार करून त्या गावातील निरनिराळ्या दुकानांत विभागून ठेवल्या. संपूर्ण संच हवा असेल, तर पाहुण्याला साऱ्या पेठेतून फिरणे भाग पडले. एप्रिल २००८ मध्ये नायिकांच्या कुटुंबाला गावाचे खास रहिवासी म्हणून नोंदवण्यात आले आणि त्याच वर्षीच्या उत्सवात चाहत्यांनी स्वतःची पालखी खांद्यावर घेतली.

आकडे बोलके आहेत. नववर्षाच्या दर्शनाला २००७ मध्ये या देवस्थानात सुमारे ९० हजार लोक आले होते. २००८ मध्ये हा आकडा तीन लाखांवर गेला आणि २०११ मध्ये ४ लाख ७० हजारांवर पोहोचला. ज्या देवस्थानाचे नाव साइतामाबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते, त्याला एका मालिकेने नवे भाविक मिळवून दिले.

फाटकापाशी कोंडी

या नाण्याची दुसरी बाजू टोकियोच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या कामाकुरा शहरात दिसते. तेथे एनोदेन या छोट्या रेल्वेचे कामाकुराकोको-माए नावाचे स्थानक आहे. नावाचा अर्थ ‘कामाकुरा हायस्कूलसमोर’. स्थानकाजवळ एक साधे रेल्वे फाटक आहे. उतरता रस्ता, त्याला आडवे रूळ आणि पलीकडे समुद्र. बास्केटबॉलवरील ‘स्लॅम डंक’ या १९९३ च्या मालिकेत हे दृश्य आले. मालिका तैवान, चीन, कोरियात पोहोचली आणि तेथील लाखो मुलांच्या बालपणात हे फाटक कायमचे रुजले. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्यावरील नवा चित्रपट आला आणि आता चाळिशीकडे झुकलेल्या त्या मुलांची गर्दी फाटकापाशी पुन्हा वाढली.

फाटक मात्र वाहत्या रस्त्यावर आहे. गाडी आणि समुद्र एका चौकटीत मिळावेत म्हणून लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, कोणी खासगी आवारात शिरतो, कोणी कचरा टाकून जातो. शेजारी शाळा आहे, घरे आहेत. प्रशासनाला तेथे सूचनाफलक लावावे लागले, सुरक्षारक्षक नेमावे लागले. वाशिनोमियात पाहुणा दुकानांतून हिंडला, लोकांशी बोलला आणि गावाचा झाला. कामाकुराच्या फाटकाशी तो पाच मिनिटे थांबतो, छायाचित्र घेतो आणि पुढची गाडी पकडतो. गावाला त्यातून फारसे काही मिळत नाही, त्रास तेवढा उरतो.

चित्र टिकते, जागा बदलते

एकट्याने जाणाऱ्या प्रवाशाने आणखी एक गोष्ट मनाशी धरून निघावे. मालिकेतील शहराला वय नाही. खऱ्या शहराला आहे. शिनचॅनची आई ज्या दुकानात खरेदीला जाते त्या ‘सातो-कोकोनोकादो’ला कासुकाबेतील ‘इतो-योकादो’ या मोठ्या दुकानाचा आधार होता. नावातला विनोद जपानी माणसाला लगेच कळतो. इतो आणि सातो ही दोन्ही सर्रास आढळणारी आडनावे. ‘योका’ या उच्चाराचा अर्थ आठ तारीख आणि ‘कोकोनोका’ म्हणजे नऊ. एप्रिल २०१७ मध्ये मालिकेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त या दुकानाने काही दिवस आपली खरी पाटी उतरवून मालिकेतील नावाची पाटी चढवली होती. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी हे दुकान कायमचे बंद झाले. वाशिनोमियाची गाजलेली लाकडी कमान ऑगस्ट २०१८ मध्ये कोसळली. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्या जागी नवी उभी राहिली. शिनचॅनचे जनक उसुई २००९ मध्ये डोंगरात पाय घसरून मृत्यू पावले. शिनचॅन मात्र अजूनही पाच वर्षांचाच आहे. २०२५ च्या चित्रपटात तो मित्रांसह चक्क भारतात येऊन नाचून गेला.

त्यामुळे चित्रातले सारे जसेच्या तसे सापडेल या अपेक्षेने गेलेल्याचा हिरमोड ठरलेला. जागा बदललेली असते आणि पाहणाराही. लहानपणी शिनचॅनच्या खोड्यांना हसणारा प्रेक्षक आता कासुकाबेच्या स्थानकावर उतरतो, तेव्हा संध्याकाळच्या लोकलमधून थकून उतरणाऱ्या शिनचॅनच्या वडिलांची बाजू त्याला प्रथमच कळते. हप्ते, नोकरी, रोजची गाडी हे सारे तेव्हाही मालिकेत होते. ते दिसायला वय व्हावे लागले. या प्रवासाची खरी कमाई कोणती म्हणाल, तर ही.

एकट्याने जाताना

हा अनुभव समूहसहलीत हाती लागणे कठीण आहे. ज्याला त्या जागेची ओढ नाही, त्याला अर्धा तास एका वळणावर उभे करणे हा त्याच्यावर अन्याय ठरतो. एकट्याला ही अडचण नाही, आणि जपानमधील रेल्वेची सोय पाहता त्याला फारशी धास्ती बाळगण्याचेही कारण नाही. टोकियोतील आसाकुसा स्थानकापासून कासुकाबे सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. सकाळी निघाल्यास कासुकाबे आणि वाशिनोमिया ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात आरामात पाहून होतात. तोबू आणि एनोदेन या खासगी रेल्वे आहेत, तेव्हा परदेशी पर्यटकांना मिळणाऱ्या ‘जपान रेल पास’वर या प्रवासासाठी विसंबू नये. सुइका किंवा पास्मो हे पैसे भरून वापरायचे कार्ड जवळ असले की काम भागते. डोरेमॉनच्या संग्रहालयाचे तिकीट मात्र दिवस आणि वेळ ठरवून आधीच काढावे लागते.

पथ्ये थोडीच आहेत, पण ती कटाक्षाने पाळावीत. शाळा आणि मुले यांच्याकडे कॅमेरा वळवू नये. नोहारांच्या घरासारखे घर शोधण्यासाठी निवासी गल्ल्यांत घुटमळू नये. तेथे दुसऱ्याच कोणाचे तरी घर असते. देवस्थानात आधी दर्शन घ्यावे, मग चित्र शोधावे. आणि गावातल्याच एखाद्या लहान दुकानात जेवावे. आलेल्या पाहुण्याचा गावाला काही उपयोग झाला, तरच पुढच्या पाहुण्याचे तेथे स्वागत होते, हा वाशिनोमियाचा धडा आहे.

शिकोकूच्या परिक्रमेला एकटा निघालेला यात्रेकरू डोक्यावर गवती टोपी घालतो. तिच्यावर ‘दोग्यो निनिन’ ही अक्षरे असतात. अर्थ असा की, वाट चालणारे दोघे आहेत: एक यात्रेकरू आणि त्याच्यासोबत अदृश्य रूपाने चालणारे आचार्य. चित्रमालिकेच्या गावी निघालेल्यालाही हे वचन लागू पडावे. तिकीट एकाचेच असते. पण दप्तर टाकून टीव्हीसमोर बसलेले ते मूल साऱ्या वाटेवर त्याच्याबरोबर असते. फक्त त्या मुलाचा हट्ट पुरवताना, ज्यांच्या दारावरून ही वाट जाते त्यांची झोपमोड होऊ नये, इतके भान सोबतच्या मोठ्या माणसाने राखायचे असते.