खरे म्हणजे एक, खोटे म्हणजे शून्य

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात १४ तालुके व सुमारे तेराशे ग्रामपंचायती आहेत. पंचायतीचे सदस्य किती, हे गावाच्या लोकसंख्येवरून ठरते. १,५०० पर्यंत ७, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, ६,००० पर्यंत १३, ७,५०० पर्यंत १५ आणि त्यापुढे १७. हा तक्ता संगणकास सांगावयाचा झाल्यास बहुधा ‘जर-तर’ची लांबलचक उतरंड रचली जाते. त्याहून सुटसुटीत असा एक मार्ग आहे.

विधान खरे असल्यास १ आणि खोटे असल्यास ० मानून इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल याने तर्काचे बीजगणित मांडले. त्याचा मुख्य ग्रंथ १८५४ चा. पायथन या संगणकभाषेत ही कल्पना जशीच्या तशी वापरता येते. प्रथम ७, ९, ११, १३, १५, १७ अशी यादी करावी. यादीतील स्थाने शून्यापासून मोजली जातात, म्हणजे ७ हा शून्याव्या स्थानी येतो. मग लोकसंख्या १,५०० हून अधिक आहे काय, ३,००० हून अधिक आहे काय, असे ७,५०० पर्यंत पाच प्रश्न विचारावेत व उत्तरांची बेरीज घ्यावी. ४,८०० वस्तीच्या गावाबाबत पहिली तीन उत्तरे खरी ठरतात. बेरीज ३, आणि त्या स्थानी १३ हा आकडा आहे. झाले!

खरी काळजी घ्यावयाची ती सीमेवर. ‘हून अधिक’ऐवजी ‘तितकी किंवा अधिक’ असे लिहिले गेले, तर बरोबर १,५०० वस्तीच्या गावाला ७ ऐवजी ९ सदस्य मिळतील. मग प्रभाग आणि आरक्षण या दोन्हींचे गणित चुकेल. दुसरा धोका अधिक फसवा आहे. लोकसंख्येचा रकाना रिकामा राहिला आणि तेथे शून्य धरले गेले, तर पाचही उत्तरे खोटी ठरून यंत्र बिनबोभाट ७ हा आकडा देते. तक्रार काही करीत नाही. म्हणून रकाना भरलेला आहे की नाही, हे आधी तपासावे.

सर्व भाषांत ही युक्ती चालत नाही. जावा तुलनांच्या उत्तरांची बेरीज करूच देत नाही. व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘खरे’ची किंमत उणे एक आहे. कार्यालयात नित्य वापरल्या जाणाऱ्या एक्सेलमध्ये ती चालते, मात्र तेथील ‘चूज’ हे सूत्र स्थाने एकपासून मोजते; तेव्हा बेरजेत १ मिळवावा लागतो. तयार झालेले सूत्र १,५०० व १,५०१, ३,००० व ३,००१ अशा सीमेवरील दहा आकड्यांवर हाताने पडताळावे आणि मगच तालुक्याची यादी त्याच्या स्वाधीन करावी.