दायमाबादच्या रथाला हीट नंबर नाही!

संशोधनाची तयारी करताय ना? मग आधी एक प्रश्न. भोसरी-चाकणच्या फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग दिसायला एकदम ओके आहे, पण त्यावर हीट नंबरच नाही. इन्स्पेक्शनवाला काय करेल? बाजूला ठेवेल. तो पार्ट कोणत्या वेळी वितळवलेल्या धातूतून ओतला, हे त्या नंबरावरूनच कळतं. पुरातत्त्वात हेच काम मातीचा थर करतो.

आता दायमाबादला चला. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी ही प्राचीन वसाहत आहे. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल यांना एका झुडपाच्या मुळाशी खणताना चार ब्राँझ शिल्पं सापडली: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोहून जास्त! रथ सुमारे ४५ सेंमी लांब आहे.

पुढे १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच सांस्कृतिक टप्पे मिळाले. पण शिल्पं उत्खननाआधीच बाहेर आली होती. मग ती यातल्या कोणत्या टप्प्यातली?

साळी आणि म. के. ढवळीकर यांच्या मते उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीची. डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली. शिल्पांच्या धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे आणि ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत असं मिश्रण दिसत नाही. म्हणून ती बरीच नंतरची असू शकतात, असं त्यांचं म्हणणं.

तुम्ही म्हणाल, कार्बन डेटिंग करा की! पण तांब्यात कार्बन कुठे? थरातला कोळसा किंवा जळलेलं धान्य मिळालं असतं, तर त्याचं वय काढता आलं असतं. इथे वस्तूचा थराशी असलेला संबंधच तुटलाय. रासायनिक विश्लेषण 'कशाचं बनलंय' हे सांगतं. 'कधी बनलं' याचा त्यावरून फक्त अंदाज बांधता येतो.

तुमचा विषय कोणताही असो, सॅम्पल हातात घेण्याआधी जागा, खोली, तारीख आणि फोटो नोंदवा. मशीनवर टेस्ट उद्याही करता येते. सॅम्पल एकदा जागेवरून हललं, की ती नोंद परत मिळत नाही.