जुन्या घराची भिंत पाडण्यापूर्वी

अमरावतीला परकोटाच्या आत किंवा अकोल्याला मोर्णाकाठच्या जुन्या शहरात गेलात, तर दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि वर धाबे अशी घरे अजूनही दिसतात. ती नव्या पद्धतीने सजवून घेण्याकडे आता कल आहे. भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर प्लायवूड, खिडक्यांना पक्क्या काचा आणि धाब्याच्या जागी काँक्रीटचा स्लॅब. घर देखणे होते यात शंका नाही. पण मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसकडे सरकला की घरातलीच माणसे म्हणतात, "पयलेचंच घर थंड होतं बाप्पा!" हा केवळ आठवणींचा गोडवा आहे, की त्यामागे काही भौतिकी आहे?

उन्हाने भिंतीची बाहेरची बाजू तापते. आतल्या मातीचा प्रत्येक थर आधी स्वतः तापतो आणि मगच पुढच्या थराला उष्णता देतो. रात्री बाहेरची बाजू निवते तेव्हा हाच क्रम थंडाव्याच्या बाबतीत घडतो. म्हणजे दिवसरात्रीचा तापमानातील चढउतार लाटेसारखा भिंतीत शिरतो. जसजशी ती आत जाते तसतशी लहान होते आणि उशिरा पोचते. उष्णतावहनाचे गणित फ्रेंच शास्त्रज्ञ जोसेफ फूरिए याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले आहे. ते मातीला लावले तर ढोबळमानाने असा नियम मिळतो : दर १२ सेंटिमीटरमागे लाटेची उंची सुमारे एक तृतीयांश उरते आणि तिला जवळजवळ चार तास उशीर होतो.

आता एक उदाहरण करू. भिंत ३६ सेंटिमीटर जाड धरा. म्हणजे १२ सेंटिमीटरचे तीन टप्पे. बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान दिवसभरात २४ अंशांनी बदलत असेल, तर आत हा बदल जेमतेम एका अंशाच्या आसपास उरेल. दुपारी तीनची उष्णता आत पोचायला पहाटेचे तीन वाजतील! काँक्रीटच्या १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबमधून मात्र ती सुमारे तीन तासांत खाली येते आणि तिचा जोर निम्म्याच्या आसपास शिल्लक असतो. स्लॅबच्या घरात संध्याकाळी पंखा गरम वारा का टाकतो, हे आता लक्षात येईल.

१९६४ साली कैरो येथे याची प्रत्यक्ष चाचणी झाली. वास्तुशिल्पी हसन फाथी यांनी तिचे वर्णन केले आहे. ५० सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या विटांच्या खोलीत चोवीस तासांत तापमान सुमारे दोन अंशांनीच बदलले. १० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या खोलीत ते ३६ अंशांपर्यंत चढले, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त.

येथे एक गोष्ट विसरू नका. जाड भिंत चढउतार कमी करते, सरासरी तापमान नव्हे. सरासरी खाली आणायची, तर रात्रीचा गार वारा आत आला पाहिजे आणि दिवसाचे ऊन अडले पाहिजे. म्हणून वरचे झरोके बुजवू नयेत. खिडक्या रात्री उघड्या आणि दुपारी बंद ठेवाव्यात. छताला वरून पांढरा चुना द्यावा, म्हणजे बरेचसे ऊन परावर्तित होते.

भिंतीच्या आतल्या बाजूला प्लायवूड ठोकले तर काय होते? लाकूड उष्णतेचे मंद वाहक आहे आणि मागे हवेचा थर कोंडला जातो. रात्रभर निवलेली भिंत जागेवरच असते, पण खोलीतली उष्णता तिच्यापर्यंत पोचत नाही. सजावट हवीच असेल, तर ती एखाद्या भिंतीपुरती ठेवावी.

सिमेंटच्या गिलाव्याची अडचण वेगळी आहे. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि पुढे वाफेच्या रूपाने ती सोडते. घट्ट सिमेंटमुळे ही वाट बंद होते. ओल आत साठते, माती मऊ पडते आणि काही वर्षांनी गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा वाफेला वाट देतो.

मातीच्या घराला वाळवी लागते, धाबे गळते, दर वर्षी डागडुजी करावी लागते, हेही खरे. त्यामुळे नवी वीजजोडणी, मोरी, फरशी जरूर करावी. पण मातीची भिंत वरचा भार पेलत असते. तीत नवे दार पाडण्याआधी जाणकार अभियंत्याला दाखवणे आवश्यक आहे.

विद्यार्थी मित्रांनो, दोन सारखे तापमापक मिळवा. एक जुन्या घरात आणि एक स्लॅबच्या घरात, उन्हापासून दूर टांगा. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी नोंद करून आलेख काढा. कोणती रेषा जास्त चढते आणि तिचे शिखर किती वाजता येते ते पाहा. घर नवे करण्याचा बेत ठरत असेल तेव्हा तो आलेख घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवा.