स्कोअरबोर्डाआधी माती

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेचं बेसबॉल मैदान रस्त्यावरून पाहिलं, तर आधी नजरेत भरते ती हिरवळ. मग कुंपण, दिव्यांचे उंच खांब आणि स्कोअरबोर्ड. खेळ मात्र बहुतेक सगळा तपकिरी मातीवर होतो. पिचर ज्यावरून चेंडू फेकतो तो माउंड, बॅटर उभा राहतो तो चौकोन, बेसांमधल्या धावण्याच्या वाटा आणि इनफील्डचे खेळाडू ज्या कमानदार पट्ट्यावर उभे असतात तो पट्टा, या सगळ्या जागा बिनगवताच्या असतात. जोरात मारलेला सरपटी चेंडू मुलाच्या हातमोज्यात जाणार की तोंडावर आदळणार, हे इथेच ठरतं. शाळा आणि मुलांच्या लीग मैदानासाठी पैसा उभा करतात तेव्हा तो आधी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर जातो. माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे. पहिला हक्क मातीचा आणि उताराचा, दुसरा रोजच्या राखणीचा. कुंपण, दिवे आणि फलक त्यानंतर यायला हवेत.

मुलांचं मैदान म्हणजे मोठ्या मैदानाची सोपी, छोटी प्रत, असा समज असतो. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली लिटल लीग सुरू केली, ती लहानग्यांना पेलेल अशा मापाच्या मैदानासाठीच. तिथे दोन बेसांमधलं अंतर ६० फूट आणि पिचरपासून होमप्लेटपर्यंत ४६ फूट असतं. हायस्कूलमध्ये हीच अंतरं ९० फूट आणि साडेसाठ फूट होतात. माउंडची उंची ६ इंचांवरून १० इंचांवर जाते. चेंडू मात्र बदलत नाही. व्यावसायिक खेळाडू वापरतात तेवढ्याच वजनाचा, म्हणजे १४२ ते १४९ ग्रॅमचा कडक चेंडू दहा-बारा वर्षांची मुलं अधिक जवळून झेलत असतात. अंतर कमी झालं की सावरायला मिळणारा वेळही कमी होतो, आणि या मुलांची नजर, पाय, हात अजून तयार व्हायचे असतात. त्यामुळे चेंडूची उसळी भरवशाची असण्याची गरज मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त आहे.

ही भरवशाची उसळी येते मातीच्या मिश्रणातून. चांगल्या इनफील्डमध्ये साधारण ६० ते ७० टक्के वाळू असते आणि उरलेल्या भागात चिकणमाती व बारीक गाळ. त्यातही गाळापेक्षा चिकणमाती थोडी जास्त असावी लागते. वाळू पाण्याला वाट देते आणि वजन पेलते, चिकणमाती कणांना बांधून ठेवते. गाळ वाढला की पृष्ठभाग कोरडा असताना धूळ उडते आणि ओला असताना चिखल होतो. क्रिकेटच्या खेळपट्टीत चिकणमातीचं प्रमाण याहून जास्त असतं, कारण ती रोलरखाली दाबून दगडासारखी करायची असते. बेसबॉलच्या मातीला वरून थोडी भुसभुशीत, खालून घट्ट असावं लागतं. धावत्या मुलाच्या बुटाच्या खिळ्याने तिच्यात शिरावं आणि ढेकूळ न काढता बाहेर यावं. टेक्ससमधल्या ग्रँड प्रेअरीचं बेसबॉल स्टेडियम क्रिकेटसाठी बदललं गेलं आणि २०२४ मध्ये तिथेच मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रवलकरने पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकली. स्टेडियम तेच राहिलं तरी अशा बदलात मधली माती जुनी चालत नाही. मिश्रणाइतकंच महत्त्व ओलाव्याला आहे. कोरडी चिकणमाती भेगाळते आणि विटेसारखी टणक होते. म्हणून जाणकार लोक खेळाच्या आधी आणि नंतर पाणी मारण्याला सगळ्यांत वरचं स्थान देतात. पण कितीतरी शाळांच्या मैदानांवर इनफील्डजवळ नळच नसतो. मैदान आखतानाच पाण्याची एक जोडणी तिथवर नेली, तर पुढची अनेक वर्षं सोपी होतात, आणि हा खर्च दिव्यांच्या एका खांबापेक्षाही लहान असतो.

उताराचंही तसंच आहे. मातीचा भाग शंभर फुटांत सहा इंच ते एक फूट इतकाच कललेला असावा लागतो: डोळ्यांना सपाट दिसेल, पण पाणी थांबणार नाही, एवढाच. हा उतार मोडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे माती आणि गवत मिळतात त्या कडेला साचणारी माती. सरावानंतर लोखंडी जाळीची चटई ओढून पृष्ठभाग सारखा करतात. ती ओढणारा थेट गवतापर्यंत गेला की दर वेळी चिमूटभर माती गवताच्या मुळांत जाऊन बसते. एका हंगामात तिथे बांध तयार होतो. मग पावसाचं पाणी त्या बांधाआड तुंबतं आणि सरपटत आलेला चेंडू त्यावर आपटून वर उसळतो. उपाय अगदी साधा आहे: चटई गवतापासून फूटभर अलीकडे थांबवायची, कडेची माती दंताळ्याने गवताला समांतर ओढायची, आणि साचलेली माती अधूनमधून पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढायची. डबकं साचलं तर झाडूने पाणी गवताकडे लोटायचं नाही. पाण्याबरोबर मातीही जाते, खड्डा खोल होतो आणि पुढच्या पावसात डबकं मोठं होऊन परत येतं. पाणी हातपंपाने किंवा स्पंजने उचलायचं आणि उरलेली ओल भट्टीत भाजलेल्या चिकणमातीच्या दाण्यांना शोषू द्यायची. माउंडवर पिचरचं पुढचं पाऊल दर चेंडूला एकाच जागी पडतं, त्यामुळे तिथे खड्डा होतो आणि चेंडू फेकणाऱ्या मुलाचा तोल, गुडघा, खांदा यांवर ताण येतो. सुटी माती झाडून काढायची, जागा ओलवायची, नवी चिकणमाती भरून धुम्मसने चोपायची आणि वर आच्छादन घालायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे. ते दुसऱ्या दिवशी न केल्यास आठवड्याने तासाभराचं होतं आणि महिन्याने ठेकेदार बोलवावा लागतो.

इतकं स्वस्त काम मागे का पडतं, याचं उत्तर लोकांच्या आळसात शोधणं अन्यायाचं आहे. पैसा येण्याच्या वाटाच तशा आहेत. अमेरिकेत शाळांची बांधकामं बहुधा मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून होतात आणि ती रक्कम सहसा बांधकामापुरतीच राखलेली असते. कॅलिफोर्नियाने २००० साली मंजूर केलेल्या प्रपोझिशन ३९ने असे रोखे ५५ टक्के मतांवर मंजूर होतील अशी सोय केली; त्याच तरतुदीत हा पैसा पगारांवर आणि रोजच्या चालू खर्चावर वापरायला मनाई आहे. कर्जाच्या पैशातून पगार देऊ नयेत, हा नियम तत्त्वतः योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा की नवं मैदान मिळवणं सोपं आणि ते राखायला माणूस मिळवणं अवघड होऊन बसतं. देणगीदारालाही नाव कोरण्यासाठी फलक किंवा बाकं हवी असतात. वीस टन इनफील्ड मातीवर कुणाचं नाव लिहिता येत नाही. म्हणूनच नव्या मैदानाच्या मंजुरीबरोबर पुढच्या दहा वर्षांच्या राखणीची तरतूद चालू अंदाजपत्रकात दाखवणं शाळामंडळावर बंधनकारक असावं, असं मला ठामपणे वाटतं. ती दाखवता येत नसेल तर दोनऐवजी एकच मैदान बांधावं.

यावर पहिला आक्षेप येतो तो मोठमोठ्या खेळाडूंच्या बालपणाचा. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये खडबडीत जमिनीवर खेळून मुलं अमेरिकेच्या मेजर लीगपर्यंत पोचली, मग इथल्या मुलांचे एवढे लाड कशाला? पोचलेले दिसतात, चेंडू लागून खेळ सोडलेले कुणी मोजत नाही. शिवाय त्या गल्ल्यांमध्ये मुलं बाटलीच्या बुचांनी आणि काठीनेही खेळतात. आपल्या चाळींत रबरी चेंडूचं क्रिकेट चालतं तसंच ते आहे: जागा वाईट असते, म्हणून साधनं मवाळ असतात. लीगमध्ये मोठी माणसं मुलांच्या हाती कडक चेंडू देतात, वेळापत्रक आखतात, वर्गणी घेतात. जमिनीची जबाबदारीही मग त्यांचीच. दुखापती खेळाचा भागच असतात असं म्हणणाऱ्यांनी बेसांचा इतिहास पाहावा. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी सॉफ्टबॉल सामन्यांचा केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. जमिनीत घट्ट रोवलेल्या बेसांवर सहाशेहून अधिक सामन्यांत घसरत येणाऱ्या खेळाडूंना ४५ दुखापती झाल्या; धक्क्याने सुटून येणाऱ्या बेसांवर जवळपास तितक्याच सामन्यांत फक्त २. लिटल लीगने २००८ पासून असे सुटे बेस सक्तीचे केले. ज्याला नशीब म्हटलं जात होतं, ते जमिनीत पुरलेलं एक साधन होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कृत्रिम गवत घालावं आणि मातीची कटकटच संपवावी. दाट वस्तीच्या शहरांत, जिथे एकाच मैदानावर सकाळपासून रात्रीपर्यंत पाच खेळ चालतात, किंवा जिथे पाऊस महिनोन्महिने हटत नाही, तिथे हा पर्याय मला मान्य आहे. कॅल रिपकेन सीनियर फाउंडेशनने शहरी वस्त्यांतल्या मुलांसाठी अशी अनेक मैदानं उभी केली आहेत आणि त्यांनी हजारो मुलांना खेळायला जागा दिली आहे. पण कृत्रिम मैदान बिनराखणीचं असतं, हे खरं नाही. त्याच्या पात्यांमध्ये भरलेले दाणे विंचरून सारखे करावे लागतात, भर उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो, आणि आठ-दहा वर्षांनी सगळा गालिचा उखडून नवा घालावा लागतो. तेव्हा पुन्हा मोठी रक्कम उभी करण्याची ताकद ज्या शाळेत नाही, तिने हा मार्ग धरू नये.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. मुलांच्या लीग स्वयंसेवक पालकांवर चालतात आणि त्यांच्याकडून तज्ज्ञाच्या कामाची अपेक्षा धरू नये, हे बरोबर आहे. पण वर सांगितलेल्या कामांतलं एकही शिकायला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागत नाही, आणि खेळून झाल्यावर माती सारखी करणं हा सरावाचाच भाग मानला तर अर्ध्याहून अधिक काम मुलंच उरकतात. गवताचं काम त्यामानाने सोपं. उत्तरेत केंटकी ब्लूग्रास आणि दक्षिणेत आपल्याकडे हरळी म्हणतात तेच चिवट गवत लावतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, एवढं पाळलं तरी ते तगतं. एक गोष्ट मात्र स्वयंसेवकांवर सोडता येत नाही. मुलग्यांचं बेसबॉल मैदान पालकांच्या देणग्यांतून चकाचक आणि शेजारचं मुलींचं सॉफ्टबॉल मैदान ओसाड, असं दृश्य सर्रास दिसतं. १९७२च्या टायटल नाइन कायद्याखाली मुलींना समान सोयी देणं शाळेवर बंधनकारक आहे, आणि पैसा देणगीचा होता ही सबब त्यात चालत नाही.

न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतली मुलं आज या लीगमध्ये खेळतात आणि त्यांचे आईवडील समित्यांवर बसतात. त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत नव्या स्कोअरबोर्डाचा विषय निघाला, तर आधी इनफील्डच्या मातीची चाचणी शेवटची कधी झाली हे विचारा. राज्याच्या कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे मातीचा नमुना पाठवणं हे या सगळ्यातलं सर्वांत स्वस्त काम आहे. नळ नसेल तर नळाचा ठराव मांडा, दंताळी आणि धुम्मस ठेवायला मैदानावरच एक पेटी करून घ्या, आणि मुलींच्या मैदानासाठी तीच यादी दुसऱ्यांदा वाचा. फलकासाठी मतदान त्यानंतर करा.