तळणाला एक, चटणीला दुसरं

घरात कोणतं तेल यायचं, हे पूर्वी आसपासची शेतं ठरवत: सोलापूर-मराठवाड्यात करडई, विदर्भात जवस, कोकण-गोव्यात खोबरेल. शेंगदाण्याचं तेल मात्र जवळजवळ सगळीकडे चाले, आणि पुऱ्या-भजी तळायला आजही ते उत्तम. रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० अंश सेल्सिअसपर्यंत धुरावत नाही.

करडईकडे आपण फार दुर्लक्ष केलं, याची खंत वाटते. तिच्या तेलात सुमारे ७० टक्के लिनोलेइक आम्ल असतं. शरीराला ते लागतं, पण स्वतः बनवता येत नाही. हेच आम्ल उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडतं, म्हणून घाण्याचं करडई तेल फोडणीला, भाजीला वापरावं. तळणाचं उरलेलं तेल पुन्हा तापवू नये. जवसाचं तेल करडईहूनही नाजूक. त्यात ओमेगा-३ भरपूर असतं. ते चटणीवर कच्चंच घ्यावं, बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी.

पाम तेलात जवळपास निम्मी मेदाम्लं संपृक्त असतात. त्यामुळे ते टिकतं आणि बाजारच्या फरसाणात सर्रास दिसतं. पाकिटावरची घटकांची यादी जरूर वाचावी.