पेला आणि पान – भाग ६ : तिखट ताटाची वाइन

मागच्या भागात आपण फ्रेंच जेवणाची रीत पाहिली. तिथे पदार्थ एकामागून एक येतात आणि प्रत्येकाबरोबर पेलाही बदलता येतो. ‘माशाला पांढरी, मटणाला लाल’ हा सगळ्यांना पाठ असलेला नियम त्याच रीतीत रुजला. आपलं पान मात्र एकदम वाढलं जातं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी, रस्सा. हात सगळीकडे फिरतो आणि एकाच घासात आंबट, तिखट, तेलकट असं सगळं येतं. म्हणून आपल्याकडे वाइन एखाद्या पदार्थासाठी न निवडता अख्ख्या पानासाठी निवडावी. त्यासाठी पानात सगळ्यांत जास्त जोर कोणत्या चवीचा आहे ते पाहावं. आपल्याकडे तो बहुतेक वेळा तिखटाचा असतो.

मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकांना चेतवतं, ते मुळात भाजण्याची जाणीव करून देणारे आहेत. तापमान साधारण ४२-४३ अंशांच्या वर गेलं की ते एरवी जागे होतात. अल्कोहोल त्यांना आणखी हळवं करतं. म्हणून १४ टक्के अल्कोहोलच्या दमदार लाल वाइनचा घोट तांबड्या रश्श्यावर घेतला की तोंड शांत होण्याऐवजी जास्तच पेटतं. शिवाय लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे तोंड कोरडं आणि तुरट होतं. आधीच पोळलेल्या जिभेला हा तुरटपणा खरखरीत लागतो आणि वाइनमधलं फळ हरवून जातं. तळलेल्या बांगड्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते. लाल वाइनमध्ये लोह सहसा जास्त असतं. माशाच्या तेलाशी त्याची गाठ पडली की तोंडात धातूची, हिवसट चव रेंगाळते.

तिखट पानाला हवी असते ती थंड, आंबटसर, किंचित गोडसर आणि कमी अल्कोहोलची वाइन. गोडीमुळे तिखटाची धार बोथट होते, आंबटपणा तेल कापतो आणि गारव्याने जीभ निवते. हे सगळे गुण असलेलं द्राक्ष आपल्या अंगणातच पिकतं. शेनिन ब्लां मूळचं फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं, पण नाशिकच्या मातीत ते चांगलंच रुळलं. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ लागवड केली आणि २००० साली त्यांच्या ‘सुला’ वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. आज या भागातल्या बहुतेक वायनरींच्या यादीत शेनिन असतेच.

तिचा आंबटपणा कुठून येतो, हे वेलाजवळ उभं राहिलं की कळतं. आपल्याकडे वेलाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, पावसाळा सरताना फळछाटणी. त्यामुळे युरोपात जो माल ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये निघतो, तो नाशिकला जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या थंडीत निघतो. दिवसा ऊन साखर वाढवतं आणि रात्रीचा गारवा आम्ल टिकवून धरतो. मार्चकडे ऊन तापायला लागलं की आम्ल झपाट्याने घटतं. म्हणून फेसाळ वाइनची द्राक्षं सगळ्यांत आधी, साखर कमी आणि आम्ल भरपूर असताना तोडतात. लाल जाती मागाहून. फेब्रुवारीत नाशिकला गेलात तर एक प्रयोग जरूर करा. वायनरीत परवानगी घेऊन शेनिनचा एक मणी चाखा आणि लगेच त्याच जातीची वाइन प्या. मण्यातली साखर यीस्टने खाल्लेली असते, आम्ल तेवढं पेल्यात शिल्लक राहिलेलं दिसतं.

घरी सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तापमानामुळे. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं म्हणतात, पण ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. पुण्यातल्या एप्रिलच्या खोलीत तीच बाटली तिशीपार जाते आणि वास फक्त अल्कोहोलचा येतो. लाल बाटलीही अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. पांढरी ८ ते १० अंशांवर छान लागते, फेसाळ त्याहूनही थोडी गार. पाहुणे दारात आणि बाटली कोमट, असं झालं तर एका खोल पातेल्यात अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा. नुसता बर्फ बाटलीला जागोजागीच टेकतो, पाणी मात्र चहूबाजूंनी भिडतं आणि मिठामुळे ते शून्याच्याही खाली उतरतं. वीस मिनिटांत काम होतं.

आता पान वाढू या. अळूवडीत चिंच-गुळाचा आंबटगोड मेळ आधीच असतो; तिच्याबरोबर गोडसर शेनिन घ्या. कुरकुरीत बोंबील किंवा बटाटावडा असेल तर फेसाळ वाइन, कारण बुडबुडे आणि आम्ल मिळून तेलाचा थर धुऊन काढतात. तांबड्या रश्श्याला गार, हलकी रोझे. नारळाच्या दुधाच्या पांढऱ्या रश्श्याला लाकडी पिंपात मुरलेली, भरदार पांढरी. लाल शिराझची बाटली बेताच्या तिखटाच्या मटण सुक्यासाठी राखून ठेवा. मांसातली प्रथिनं टॅनिनला आपल्याकडे ओढून घेतात आणि वाइन मऊ लागते. गोडाचा नियम एकच : वाइन पक्वान्नाहून गोड हवी. श्रीखंडापुढे कोरडी वाइन आंबट पाण्यासारखी लागते. त्या वेळी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन काढा.

प्रवासात मोठ्या रेस्तराँमध्ये बसलात तर वाइन सुचवणाऱ्याला आधी सांगा, जेवण किती तिखट मागवणार आहात. बाटलीऐवजी पेल्याने मागवा, म्हणजे दोन-तीन वाइन एकाच पदार्थाशी ताडून पाहता येतील. लाल वाइन कोमट आली तर थोडी गार करून मागा. त्यात संकोच कसला? यादीतली सगळ्यांत महागडी बाटली बहुधा जड लाल असते आणि तिखट ताटापुढे तिचे पैसे वाया जातात. आपल्या जेवणाला साजेशी वाइन बहुतेकदा स्वस्तच असते, आणि ती अभिमानाने मागवावी.

पुढच्या आठवड्यात सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे जाऊ. इटलीची सांजोव्हेजे तिथल्या उन्हात कशी वाढते आणि तिच्यापुढे वांग्याचं भरीत का वाढावं, ते पाहू. तोवर एक शेनिन आणि एक शिराझ, दोन्ही नीट गार करून, घरच्या रोजच्या आमटी-भाताबरोबर शेजारी शेजारी ठेवून चाखा.